मंडळावर नाव लागलं, आता अभ्यास कुठून सुरू करायचा?

एका सामाजिक संस्थेच्या मंडळावर आल्यावर माझ्या पहिल्या बैठकीत मी एकूण तीन वाक्यं बोलले: नमस्कार, हो चालेल, आणि निघते. बैठक अडीच तास चालली. सात ठराव झाले, सातही वेळा मी हात वर केला. त्यातले निदान चार ठराव मला कळलेले नव्हते. गंमत म्हणजे मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं आणि ‘कळलं नाही तर लगेच विचारा’ हे मुलांना रोज बजावत आले.

सामाजिक संस्थेच्या मंडळावर माणूस येतो तो बहुतेक वेळा ओळखीतून. कुणाला तुमचा स्वभाव आवडतो, कुणाला तुमचं नाव उपयोगाचं वाटतं, कधी एक जागा रिकामी असते आणि तुम्ही समोर असता. काम काय आहे हे सांगणारं कुणी नसतं. आपणही विचारत नाही, कारण बाकीचे सगळे सराईत दिसतात. ते तितके सराईत नसतात, हे कळायला मला दीड वर्ष लागलं.

पुढच्या पायऱ्या त्या दीड वर्षातून आणि नंतरच्या काही वर्षांतून आल्या आहेत. तुम्ही नवे सदस्य असाल तर पहिल्या पाच पायऱ्या स्वतःच्या स्वतः करता येतील. सहावीपासूनच्या पायऱ्यांसाठी अध्यक्ष किंवा सचिव बरोबर हवेत. आणखी एक: विश्वस्ताची, म्हणजे मंडळाच्या सदस्याची, कायदेशीर जबाबदारी देशागणिक, आणि संस्था न्यास आहे, सोसायटी आहे की कंपनी, त्यावर बदलते. तेवढा भाग तुमच्या नोंदणी कार्यालयाकडून किंवा वकिलाकडून समजून घ्या.

१. पहिल्या बैठकीआधी कागद मागा

‘हळूहळू कळेल’ असं कुणी म्हटलं तर हसून मान डोलवा आणि तरीही कागद मागा. यादी अशी:

• संस्थेची घटना किंवा नियमावली, आजवरच्या सगळ्या दुरुस्त्यांसह
• नोंदणी प्रमाणपत्र आणि करसवलतीचे दाखले
• मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, शेरे आणि टिपांसकट
• चालू वर्षाचं अंदाजपत्रक आणि आजवरचा प्रत्यक्ष खर्च
• मागच्या सहा बैठकांची इतिवृत्तं
• सदस्यांची नावं, प्रत्येकाची मुदत कधी संपते, आणि कोणत्या समितीत कोण आहे
• मोठ्या देणगीदारांबरोबरचे करार
• लेखी धोरणं: हितसंबंध, खरेदी, कर्मचारी, तक्रार निवारण
• संस्थेवर किंवा संस्थेने केलेले दावे आणि सरकारकडून आलेल्या नोटिसा

शेवटची ओळ लोक विसरतात किंवा सोयीने गाळतात. ती मुद्दाम विचारा.

हे सगळं एका दमात वाचायला जाऊ नका, तिसऱ्या कागदावर झोप येईल. आधी इतिवृत्तं घ्या, तीही जुन्याकडून नव्याकडे. कोणता विषय तीन बैठकांत पुन्हापुन्हा पुढे ढकलला गेला, तिथे पेन्सिलीने खूण करा. संस्थेचं दुखणं बहुधा तिथेच सापडतं. मग घटना वाचा, पण पाच गोष्टी शोधत: उद्दिष्टं कोणत्या शब्दांत लिहिली आहेत, गणपूर्ती किती (म्हणजे बैठक वैध ठरायला किमान किती सदस्य हजर हवेत), बैठक कोण बोलावू शकतं, बँकेत सह्या कुणाच्या, आणि सदस्यत्व कसं संपतं. या पाचांची उत्तरं एका पानावर लिहून काढा. आमच्याकडे मी हे केलं तेव्हा घटनेत गणपूर्ती सातची निघाली आणि आम्ही कित्येक बैठका पाच जणांत उरकल्या होत्या.

एखादा कागद मिळालाच नाही, तर तीही माहितीच आहे. ‘सापडत नाही’ आणि ‘देता येणार नाही’ ही दोन अगदी वेगळी उत्तरं आहेत. पहिल्यात आळस असतो. दुसरं ऐकलंत तर होकार देण्याआधी पुन्हा विचार करा.

२. जबाबदारी कुठवर आहे ते समजून घ्या

अनेक देशांच्या कायद्यांत थोड्याफार फरकाने तीन गोष्टी येतात. पहिली काळजी: शहाणा माणूस स्वतःच्या व्यवहारात जेवढं लक्ष घालतो तेवढं संस्थेच्या व्यवहारात घालायचं. दुसरी निष्ठा: निर्णय घेताना संस्थेचं हित पाहायचं, स्वतःचं, नातेवाइकाचं किंवा दुसऱ्या संस्थेचं नाही. तिसरी उद्दिष्टांशी बांधिलकी: ज्या कामासाठी संस्था नोंदली आणि पैसा आला, तिथेच तो जायला हवा.

‘मी मानद आहे, एक पैसा घेत नाही, मला कोण विचारणार?’ असं मलाही वाटायचं. अमेरिकेत १९७४ साली वॉशिंग्टनमधल्या सिब्ली रुग्णालयाच्या विश्वस्तांवर एक निकाल लागला, तो वाचल्यावर हा भ्रम गेला. तिथल्या नियमावलीत वित्त समिती होती, गुंतवणूक समितीही होती. पण त्या वर्षानुवर्षं भरल्याच नाहीत. कारभार प्रत्यक्षात दोघेजण पाहत होते, बाकीचे मम म्हणत होते. रुग्णालयाची मोठी रक्कम व्याज न देणाऱ्या खात्यांत पडून होती, आणि त्यातल्या काही बँकांशी विश्वस्तांचेच संबंध होते. कटकारस्थान सिद्ध झालं नाही, कुणी पैसे खाल्ले असंही न्यायालयाने म्हटलं नाही. तरीही देखरेख न करणं हाच कर्तव्यभंग ठरला. न्यायालयाने विश्वस्तांना हटवलं नाही. जे आदेश दिले त्यांत एक मला फार मोलाचा वाटतो: नव्याने येणाऱ्या विश्वस्तांनी हा निकाल वाचलाच पाहिजे. म्हणजे न्यायालयाने चक्क गृहपाठ दिला.

तुमच्या घटनेत कोणत्या समित्या आहेत आणि त्यांची शेवटची बैठक कधी झाली, एवढं या आठवड्यात विचारून बघा.

३. आकडे वाचायला शिका, आणि यात घाई करू नका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ‘माझं हिशोबाचं डोकं नाही’ असं म्हणून खजिनदारांवर सोडून देणं ही मंडळांतली सर्वांत जुनी सवय आहे. गणिताची शिक्षिका असूनही मी तेच केलं, कारण गणित येणं वेगळं आणि ताळेबंद वाचता येणं वेगळं.

प्रसंग सांगते. तिसरी की चौथी बैठक. एका नव्या कामासाठी चार माणसं नेमायचा विषय होता. खजिनदार म्हणाले, “बँकेत भरपूर आहे, काळजी नको.” आम्ही माना हलवल्या. तेवढ्यात टेबलाच्या टोकाला बसलेल्या एक बाई, एरवी फारशा न बोलणाऱ्या, म्हणाल्या, “यातले आपले किती?” मला प्रश्नच कळला नाही. बँकेत आहेत म्हणजे आपलेच ना? हिशोबनीसाने पानं उलटली, कॅल्क्युलेटर काढला आणि दोन मिनिटांनी सांगितलं: दर शंभरातले ब्याऐंशी देणगीदारांनी ठरावीक कामासाठी दिलेले आहेत. उरलेल्या अठरांमध्ये कार्यालयाचा आणि पगाराचा खर्च तीन आठवडे निघेल. खोलीत शांतता पसरली. नेमणुकीचा विषय त्या दिवशी मागे घेतला गेला. मी घरी येऊन मागच्या तीन वर्षांचे अहवाल काढले आणि पहिल्यांदा त्यांच्या टिपा वाचल्या. ‘निर्देशित निधी’ हा शब्द तीनही वर्षं तिथे छापलेला होता.

शिकायचं कसं? हिशोबनिसाकडे एक तास मागा आणि मागच्या वर्षीचा अहवाल समोर ठेवा. त्यांनी समजावून सांगितल्यावर तुम्ही तेच त्यांना उलट समजावून सांगा. जिथे अडखळाल, तिथे शिकायचं बाकी आहे. शाळेत मी मुलांना हेच करायला लावायचे. तीन पत्रकांत काय पाहायचं ते कळलं की पहिल्या वर्षी पुरे: ताळेबंद म्हणजे एका ठरावीक दिवशी संस्थेकडे काय आहे आणि देणं काय आहे, उत्पन्न-खर्च पत्रक म्हणजे वर्षभरात काय आलं आणि काय गेलं, रोख प्रवाह म्हणजे पैसे हातात प्रत्यक्ष कधी येतात आणि कधी जातात. वर्षाअखेर शिल्लक दाखवणारी संस्थाही मधल्या एखाद्या महिन्यात पगाराला मोताद होऊ शकते. तिसरं पत्रक त्यासाठी असतं, आणि लहान संस्थांत नेमकं तेच कुणी बनवत नाही.

मग दर तिमाहीला हे पाच प्रश्न विचारा. मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहेत:

• बँकेतल्या रकमेपैकी कुठल्याही कामाला वापरता येईल अशी किती?
• आज सगळी आवक थांबली तर त्या रकमेवर किती महिने निघतील?
• सर्वांत मोठ्या देणगीदाराचा वाटा किती, आणि त्याचा करार कधी संपतो?
• अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष खर्च यांत सर्वांत मोठी तफावत कुठे आहे, आणि का?
• पगार, कर आणि कायद्याने भरायच्या रकमांपैकी काही थकलं आहे का?

दुसऱ्या प्रश्नाला ठोकळेबाज उत्तर म्हणून तीन ते सहा महिन्यांचा खर्च सांगितला जातो. ते ब्रह्मवाक्य नाही. अनेक छोट्या देणग्यांवर चालणारी संस्था त्याहून कमीत निभावू शकते. एकाच देणगीदाराच्या आधारावर उभी असलेली संस्था सहा महिन्यांतही गडबडते. आकडा कुठलाही ठरवा, पण मंडळाने चर्चा करून ठरवा आणि लिहून ठेवा.

पाचवा प्रश्न लंडनच्या किड्स कंपनी या संस्थेमुळे यादीत आला. १९९६ साली सुरू झालेली, मुलांसाठी काम करणारी, खूप नावाजलेली ही संस्था ऑगस्ट २०१५मध्ये बंद पडली. हाताशी राखीव निधी अगदीच थोडा होता आणि कामाची मागणी वाढतच होती. २०२१ साली उच्च न्यायालयाने तिच्या विश्वस्तांना कंपनी-संचालकपदासाठी अपात्र ठरवायला नकार दिला. पण २०२२च्या अहवालात इंग्लंड आणि वेल्समधल्या अशा संस्थांवर देखरेख करणाऱ्या चॅरिटी कमिशनने देणी वेळेवर न दिल्याबद्दल गैरव्यवस्थापनाचा ठपका ठेवलाच. दोन्ही गोष्टी एकत्र वाचा. माणसं तळमळीची असतात, आणि तरीही संस्था बुडते.

एक सापळा इथेच सांगून टाकते. ‘तुम्ही बाहेरगावी जाताय, चार धनादेशांवर सह्या करून ठेवा’ अशी विनंती कधीतरी येईल. विनंती करणारा माणूस बहुधा प्रामाणिकच असेल. तरी सही करू नका. मी एकदा केली. काही वाईट झालं नाही, पण ते धनादेश वापरले जाईपर्यंत मला नीट झोप लागली नाही. त्या धनादेशांच्या रकमा मला पुढच्या बैठकीत पहिल्यांदा कळल्या.

४. काम जाऊन बघा

पहिल्या सहा महिन्यांत निदान दोनदा संस्थेचं काम चालतं तिथे जा. समारंभाच्या दिवशी जाऊ नका, साध्या दिवशी जा. सोबत कॅमेरा नको, हार-नारळ नको. एका कार्यकर्त्याबरोबर अर्धा दिवस काढा आणि त्याला विचारा, ‘कार्यालयातून मिळायला हवं आणि मिळत नाही असं काय आहे?’

पण तिथे सूचना देऊ नका. नव्या सदस्याचा पाय इथेच घसरतो. तुम्ही सहज म्हणता, ‘ही नोंदवही वेगळ्या पद्धतीने ठेवली तर?’ आणि कार्यकर्ता तो मंडळाचा आदेश समजून दुसऱ्या दिवशी वही बदलतो. मग संस्थेचं रोजचं काम पाहणाऱ्या संचालकांचा फोन येतो, आणि तो रास्तच असतो. एकटा सदस्य म्हणजे मंडळ नाही. मंडळ बैठकीत बसतं तेव्हाच त्याला अधिकार असतो. बघितलेलं, खटकलेलं लिहून आणा, आधी संचालकांशी बोला, गरज पडली तर बैठकीत मांडा.

संस्था लहान मुलांमध्ये, अपंगांमध्ये किंवा आजारी माणसांमध्ये काम करत असेल, तर भेटीला जाण्याआधीच त्यांच्या सुरक्षिततेचं धोरण वाचा आणि त्याचं प्रशिक्षण घ्या. या एका प्रशिक्षणाला ‘पुढच्या वर्षी बघू’ चालत नाही. तक्रार आली तर ती कुणाकडे जाते, किती वेळात जाते आणि मंडळाला कधी कळते, हे प्रत्येक सदस्याला तोंडपाठ हवं.

५. बैठकीत तोंड उघडा

विषयपत्रिका आणि कागद किमान सात दिवस आधी हवेत. आदल्या रात्री चाळीस पानं आली तर ती न वाचता बसण्यापेक्षा सरळ म्हणा, ‘हे मी वाचू शकले नाही, ठराव पुढच्या बैठकीत घेऊया.’ पहिल्यांदा म्हणाल तेव्हा दोन-तीन भुवया वर जातील. दुसऱ्यांदा कागद वेळेवर येतील.

प्रत्येक बैठकीत एक तरी प्रश्न विचारायचा असं स्वतःशी ठरवा. साधाच चालेल. ‘हा शब्द मला कळला नाही’ हा सुद्धा प्रश्नच. मी एकदा कायम जपायच्या मूळ निधीबद्दल विचारलं, ‘कॉर्पस म्हणजे नक्की काय? त्यातले पैसे काढता येतात का?’ उत्तर द्यायला दोघे एकदम पुढे झाले आणि दोघांची उत्तरं वेगळी निघाली. मग अर्धा तास त्यावरच गेला. त्या बैठकीतला सर्वांत उपयोगी अर्धा तास तोच होता असं सचिव नंतर म्हणाले.

सभेचे नियम थोडे तरी शिका: ठराव कसा मांडायचा, दुरुस्ती कशी सुचवायची, गणपूर्ती मध्येच तुटली तर काय. हेन्री मार्टिन रॉबर्ट नावाच्या अमेरिकन लष्करी अभियंत्याला १८६३ साली चर्चच्या एका सभेचं अध्यक्षस्थान अचानक दिलं गेलं. नियम ठाऊक नसल्याने त्याची चांगलीच फजिती झाली. त्यातून त्याने अभ्यास सुरू केला आणि १८७६ साली त्याची नियमावली छापली गेली. ती आजही सभांमध्ये वापरली जाते. आपण एवढं करायला नको, घटनेतलं बैठकीचं प्रकरण नीट वाचलं तरी पुष्कळ.

आणि विरोध असेल तर तो नावासकट इतिवृत्तात नोंदवून घ्या. बाहेर पडताना जिन्यात ‘मला पटलं नव्हतं’ म्हणण्याला काही अर्थ नाही. पुढच्या बैठकीत इतिवृत्त कायम करताना आपली नोंद तिथे आहे ना, तेही पाहा.

६. एक सोबती मागून घ्या

नव्या सदस्याला पहिलं वर्षभर एक जुना सदस्य जोडून द्यायचा. बैठकीआधी वीस मिनिटं फोन, बैठकीनंतर दहा. एवढंच. कागदात जे लिहिलेलं नसतं ते यातून कळतं: हा विषय निघाला की अमुक का चिडतात, तमुक प्रकल्प का बंद पडला. अध्यक्षांना सोबती करू नका, त्यांच्यापुढे मूर्ख प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही.

७. शिकण्याची वेळ निर्णयाला बांधा

आता मुख्य मुद्दा. मंडळाचं प्रशिक्षण म्हटलं की बहुतेक संस्था एक शनिवार काढतात. तज्ज्ञ येतात, स्लाइड दाखवतात, जेवण होतं, प्रमाणपत्रं वाटली जातात. सोमवारपर्यंत अर्धं विसरलेलं असतं. तज्ज्ञ वाईट असतात असं नाही. गरज पडण्याच्या आठ महिने आधी किंवा चार महिने नंतर शिकवलेलं डोक्यात राहत नाही, एवढंच.

आम्ही दोन वर्षं शनिवार घालवल्यानंतर पद्धत बदलली. वर्षातले मोठे निर्णय कधी येतात ते कागदावर मांडलं आणि प्रत्येक निर्णयाच्या आदल्या बैठकीत त्याच विषयाला पंचवीस मिनिटं दिली. अंदाजपत्रक मंजूर करायच्या आदल्या बैठकीत अंदाजपत्रक कसं वाचायचं ते. लेखापरीक्षण सुरू होण्याआधी लेखापरीक्षकांशी गप्पा, त्यातली शेवटची दहा मिनिटं कर्मचारी खोलीबाहेर. संचालकांच्या वार्षिक मूल्यमापनाआधी ते कशाच्या आधारे करायचं ते. सर्वसाधारण सभेआधी घटना आणि निवडणुकीचे नियम. मोठा करार किंवा जागेचा व्यवहार येणार असेल तर त्याआधी वकील. पंचवीस मिनिटं विषयपत्रिकेत सर्वांत वर ठेवायची. शेवटी ठेवली की ती ‘वेळेअभावी’ जातात, हे आम्ही चार वेळा अनुभवलं.

शिकवायला दर वेळी बाहेरून माणूस आणायची गरज नाही. आधी एक साधा तक्ता करा: उभ्या रांगेत सदस्यांची नावं, आडव्या रांगेत विषय, म्हणजे हिशोब, कायदा, निधी उभारणी, मनुष्यबळ, तंत्रज्ञान आणि संस्थेचं प्रत्यक्ष कार्यक्षेत्र. प्रत्येकाने स्वतःपुढे ‘येतं’, ‘थोडं येतं’, ‘येत नाही’ भरायचं. ज्यांना येतं त्यांनी शिकवायचं. आमच्या तक्त्यात माहितीच्या सुरक्षिततेचा रकाना वरपासून खालपर्यंत ‘येत नाही’ने भरला. लाभार्थ्यांची नावं, पत्ते, आजारांची माहिती मात्र आम्ही कुलूप नसलेल्या संगणकात ठेवत होतो. तिथे बाहेरचा माणूस बोलावला. पुढच्या वेळी नवा सदस्य शोधतानाही तोच रकाना डोळ्यांपुढे ठेवला.

व्याख्यानापेक्षा प्रसंग जास्त शिकवतात. हितसंबंधांचं धोरण वाचून दाखवलं की सगळे जांभया देतात. त्याऐवजी चिठ्ठीवर प्रसंग लिहा. ‘सदस्याच्या भावाचा छापखाना आहे आणि त्याचेच दर सर्वांत कमी आहेत. काम द्यायचं का?’ यावर आमच्याकडे दोन तट पडले. शेवटी ठरलं ते असं: सदस्याने नातं आधी जाहीर करायचं, चर्चेच्या आणि मतदानाच्या वेळी खोलीबाहेर जायचं, बाकीच्यांनी किमान तीन दरपत्रकं पाहून ठरवायचं, आणि हे सगळं इतिवृत्तात उतरवायचं. दुसरी चिठ्ठी: ‘मोठा देणगीदार म्हणतो, माझ्या पुतण्याला नोकरी द्या.’ यावर आजही आमचं एकमत नाही. दर वर्षी तीच चिठ्ठी पुन्हा काढतो.

८. फुकट मिळणारं साहित्य वापरा

इंग्लंड-वेल्सच्या चॅरिटी कमिशनने विश्वस्तांसाठी पाच मिनिटांत वाचून होतील अशा मार्गदर्शिका काढल्या आहेत. पैसा, हितसंबंध, निर्णयप्रक्रिया असे एकेक विषय. कायदा त्यांचा असला तरी विचारण्याचे प्रश्न सगळीकडे लागू पडतात. अमेरिकेत बहुतेक मोठ्या संस्था कर खात्याला जो नऊशे नव्वद क्रमांकाचा फॉर्म भरून देतात, तो मी आमच्या मंडळात नुसता प्रश्नपत्रिका म्हणून वापरला. २००८च्या फेररचनेपासून त्यात कारभाराविषयी थेट प्रश्न आहेत: हितसंबंधांचं लेखी धोरण आहे का, गैरप्रकार उघड करणाऱ्याला संरक्षण आहे का, कागदपत्रं किती काळ जपायची हे ठरलं आहे का, हा फॉर्म भरण्याआधी सगळ्या सदस्यांना दाखवला का. आम्ही फक्त हो-नाही लिहीत गेलो. दुसऱ्या पानावरच खजिनदारांनी पेन खाली ठेवलं.

इंग्रजी जड जाणारे सदस्य असतील तर प्रत्येकाने एक मार्गदर्शिका घ्यावी आणि बैठकीत मराठीत सांगावी. सांगणाऱ्याला ती कायमची लक्षात राहते.

९. वर्षातून एकदा मंडळाने स्वतःला तपासावं

दहा-बारा प्रश्नांची निनावी प्रश्नावली पुरते. कागद वेळेवर येतात का? बैठकीत सगळे बोलतात का, की तिघेच? मागच्या वर्षी आपण घेतलेला कोणता निर्णय चुकला? या शेवटच्या प्रश्नाला ‘एकही नाही’ अशी उत्तरं आली तर काळजी करा. उत्तरं अध्यक्षांनी एकट्याने वाचू नयेत, दोघांनी मिळून संकलित करावीत आणि त्यातून पुढच्या वर्षाचे फक्त दोन-तीन विषय निवडावेत.

ब्रिटनमधल्या चॅरिटी गव्हर्नन्स कोडच्या, म्हणजे संस्थांनी स्वेच्छेने पाळायच्या कारभाराच्या आचारसंहितेच्या, २०१७च्या आवृत्तीत दोन गोष्टी सुचवल्या होत्या. मोठ्या संस्थांनी दर तीन वर्षांनी बाहेरच्या माणसाकडून मंडळाचं मूल्यमापन करून घ्यावं. आणि कुणी नऊ वर्षांहून अधिक काळ विश्वस्त असेल तर फेरनियुक्तीआधी कसून विचार व्हावा आणि तिचं कारण वार्षिक अहवालात द्यावं. दुसरी सूचना आमच्या मंडळात वाचली तेव्हा कुणी कुणाच्या नजरेला नजर दिली नाही.

आणि अवघड जागेचं दुखणं तेच आहे. नव्यांना शिकवणं सोपं, पंधरा वर्षं बसलेल्यांना कोण सांगणार? सरळ सांगून उपयोग होत नाही, मी सांगून पाहिलं आणि तीन महिने अबोला भोगला. जमलं ते दुसऱ्या वाटेने. ज्येष्ठांना शिकवायला लावलं. संस्थेच्या इतिहासावर नव्यांसाठी बोला म्हटलं की ते खुशीत येतात. नव्यांनी प्रश्न विचारले की जुन्यांना उत्तरं शोधावी लागतात, आणि शोधताना घटना पुन्हा उघडली जाते. आमचे सर्वांत ज्येष्ठ सदस्य असेच एकदा म्हणाले, ‘ही दुरुस्ती कधी झाली? मला कुणी सांगितलं नाही.’ त्या दुरुस्तीच्या ठरावावर त्यांचीच सही होती.

१०. सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा

पहिल्या पायरीतले सगळे कागद, पाच प्रश्न, तक्ता, प्रसंगांच्या चिठ्ठ्या आणि संक्षेपांची यादी. संक्षेप विसरू नका, प्रत्येक संस्थेची स्वतःची एक सांकेतिक भाषा असते आणि नवा माणूस तिथेच गळपटतो. एक छापील प्रत, एक सगळ्यांना उघडता येईल अशी डिजिटल प्रत. पहिल्या पानावर ‘शेवटचा बदल’ अशी तारीख आणि तो करणाऱ्या सदस्याचं नाव लिहा. हे काम कर्मचाऱ्यावर टाकू नका, सर्वांत नव्या सदस्याला द्या. फोल्डरमध्ये काय कमी आहे ते त्यालाच सर्वांत नीट दिसतं. आमच्याकडे गेल्या वेळी आलेल्या मुलीने पहिल्याच आठवड्यात नऊ चुका काढल्या. त्यातली एक माझ्या मुदतीची होती. ती चार महिन्यांपूर्वीच संपलेली होती.